वसंत पंचमीची परसबाग

माघ शुद्ध पंचमीला आपण वसंत पंचमी म्हणतो. पंचांगातला वसंत मात्र चैत्रात, गुढीपाडव्याला सुरू होतो. मग ही पंचमी जवळजवळ दोन महिने आधी का, असे कोणी विचारील. शास्त्री-पंडितांचे उत्तर काही असो. परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या घराच्या परसदारी उभे राहून पाहिले, तर पंचमीचेच म्हणणे खरे वाटते. थंडीचा कडाका तेव्हा ओसरलेला असतो, दुपारचे ऊन अजून अंगाला बरे वाटते, आडाला पाणी असते. चैत्र उजाडेपर्यंत पारा चाळिशीकडे निघतो आणि वैशाखात तो चाळिशी ओलांडून ठाण मांडून बसतो. भाजीच्या रोपाने ज्याला वसंत म्हणावे असा काळ आपल्याकडे माघ-फाल्गुनातच येतो, आणि तो लहान असतो. वसंत पंचमी ते महाशिवरात्र हे साडेतीन आठवडे ज्याने साधले, त्याच्या घरी ऐन उन्हाळ्यात भेंडी, दोडका, तांदुळजा मिळतो. ज्याने पाडव्याची वाट पाहिली, त्याने नुसते पाणी घालावे आणि वाळलेली रोपे मोजावीत.

आज त्या परसबागेविषयीच बोलू. पण सुरुवात बियाणापासून नको, पाण्यापासून करू. कारण आपल्या भागात परसबाग बियाणाअभावी मोडत नाही. ती मे महिन्यात पाण्याअभावी मोडते. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा मुलुखात पिण्याचे पाणी भाजीला घाला, असे कोणी सांगू नये. मीही सांगत नाही. परसबाग करायची ती न्हाणीच्या पाण्यावर.

त्याचा हिशोब सोपा आहे. एक माणूस बादलीने अंघोळ करतो तेव्हा पंधरा ते वीस लिटर पाणी जाते. घरात पाच माणसे असली तर रोजचे पाऊणशे ते शंभर लिटर झाले. आता वाफ्याकडे बघा. जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला सेंटीमीटरभर, कधी त्याहूनही जास्त खाली जाते. म्हणजे चौरस मीटरला दहा लिटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद वाफा सव्वानऊ चौरस मीटरचा होतो. त्याला मे महिन्यात रोज नव्वद लिटर पाणी लागेल. तुमच्या घरची पाच माणसांची अंघोळ तेवढ्यालाच पुरते. तेव्हा आधी न्हाणीचे पाणी मोजा आणि मग दोरी लावून वाफा आखा. पुष्कळ मंडळी उलटे करतात. फेब्रुवारीत पाण्याची गरज साधारण निम्मीच असते. हुरूप असतो, जागा असते, म्हणून सबंध परसभर बी टाकतात. एप्रिलअखेर सगळेच अर्धवट जगते, आणि अर्धवट जगलेल्या रोपाला भाजी येत नाही. चार माणसांच्या घराने आठ फुटांचा वाफा करावा आणि तो शेवटपर्यंत हिरवा ठेवावा. त्यात कमीपणा काही नाही.

न्हाणीच्या पाण्याबाबत एक पथ्य आहे. अंगाला लावायच्या साबणाने फारसे बिघडत नाही. पण कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी वाफ्यात सोडू नका. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, चिकण आणि चुनखडीची. तिच्यात सोडा गेला की तिचे कण सुटतात, वरचा थर लिंपल्यासारखा होतो आणि पाणी मुरेनासे होते. कपडे खळबळल्याचे दुसरे-तिसरे पाणी चालेल. कोथिंबीर, पुदिना यांसारखे जे आपण कच्चे खातो त्याला मात्र न्हाणीचे पाणी नको. त्याला डाळ-तांदूळ धुतल्याचे, भाजी धुतल्याचे पाणी घाला. स्वयंपाकघरात ते रोज दोन तांबे सहज निघते. आणि पाणी साठवून ठेवू नका. आजचे आजच जिरवा, नाही तर वास येतो आणि डास होतात.

मातीविषयी फार सांगत नाही. तुम्ही तिच्यावरच वाढलेले आहात. पावसाळ्यात पायाला धरणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही जमीन. परसात तिला कुजलेले शेणखत भरपूर घाला. कुजलेले म्हणतो, ताजे नव्हे. ताज्या शेणाबरोबर हुमणी आणि वाळवी येते. चुलीची राख मात्र वाफ्यात टोपल्यांनी ओतू नका. कोकणातल्या आंबट मातीला राख मानवते. आपल्याकडे ती अल्कधर्मी जमिनीला आणखी अल्कधर्मी करते. माव्यासाठी पानांवर चिमूटभर उडवायला राख ठेवावी, तेवढी पुरे. ज्यांना परसच उरलेले नाही, गच्चीवर फुटकी बादली किंवा सिमेंटची रिकामी गोणी एवढीच जागा आहे, त्यांनी नुसती काळी माती भरू नये. ती आवळते, भेगाळते आणि मुळे तोडते. एक वाटा काळी माती, एक वाटा जाड वाळू किंवा बारीक मुरूम, एक वाटा शेणखत असे मिसळावे, आणि तळाला भोक ठेवायला विसरू नये.

आता भेंडी. परभणीच्या माणसाने परसात काहीही लावावे, पण भेंडी लावल्यावाचून राहू नये, असे मला वाटते. त्याला कारण आहे.

भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सबंध पान हळदीत बुडवल्यासारखे होते, फळे फिकट, आखूड आणि राठ निघतात, हे तुम्ही पाहिले असेल. कोणी याला केवडा म्हणतात, कोणी हळद्या. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद १९२४ साली झाली. हा विषाणूचा रोग आहे. तो बियातून येत नाही आणि मातीतूनही येत नाही. पांढरी माशी एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसते आणि त्याला घेऊन जाते. रोप महिन्याच्या आत सापडले तर त्याच्यापासून भाजीची आशाच सोडावी. १९५० च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पुसा सावनी नावाची जात तयार झाली. ती पहिली काही वर्षे रोगापुढे टिकली आणि देशभर पसरली. पुढे तिचीही पाने पिवळी पडू लागली.

१९७२ साली परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. तेथे एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या संशोधकांनी हा प्रश्न हाती घेतला. लागवडीच्या भेंडीत रोगाला तोंड देणारे काही मिळेना, म्हणून त्यांनी तिच्या एका नातलग जातीकडे मोर्चा वळवला. ही नातलग भाजीसाठी चांगली नाही, पण हळद्या तिच्यापुढे हात टेकतो. पुसा सावनीशी तिचा संकर केला. अशा लांबच्या सोयरिकीत बी फार थोडे धरते. जे धरले त्याची रोपे पुन्हा पुसा सावनीशी जुळवायची, त्यांतून रोग न येणारी निवडायची, भाजी चांगली आहे का पाहायचे, आणि असे पिढ्यान् पिढ्या करायचे. ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकातून उतरते, असे त्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. त्या कामातून जी जात निघाली तिचे नाव परभणी क्रांती. १९८५ च्या सुमारास ती शेतकऱ्यांच्या हाती आली. लांब, सडपातळ, गडद हिरवी, पाच शिरांची भेंडी. आपल्या गावाचे नाव बियाण्याच्या पुड्यांवर छापून पार उत्तरेतल्या राज्यांत गेले, ते या भाजीमुळे.

आता खरे ते सांगितले पाहिजे. कुलूप एकाच किल्लीचे असले की चोराला केव्हा तरी किल्ली सापडते. विषाणू बदलत गेला, आणि परभणी क्रांतीवरही आता पुष्कळ ठिकाणी हळद्या दिसतो. तेव्हा बी चांगल्या जातीचे आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही; पेरणीची वेळही साधावी लागते. पांढरी माशी उष्म्याबरोबर वाढते. वसंत पंचमीच्या सुमारास लावलेल्या भेंडीचा नाजूक महिना थंडाव्यात निघून जातो. पाडव्याला लावलेली भेंडी माशीच्या तोंडीच उगवते. या माशीचे आपल्याकडचे मोठे माहेर म्हणजे कापूस. शेजारच्या रानात फरदड ठेवलेली असेल तर माशी तेथून उठून तुमच्या परसात येणारच. पहिले पिवळे रोप दिसताच ते उपटून टाका. हळहळू नका. एक रोप वाचवायला जाल तर वाफा घालवाल.

मात्र उपटण्यापूर्वी पान नीट बघा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर तो हळद्या. उलट शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही शेंड्याच्या कोवळ्या पानांत, असे असेल तर तो रोग नव्हे; ती लोहाची उणीव आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण ते मुळांना लागू होत नाही. तेथे शेणखत वाढवा, पाणी तुंबू देऊ नका. रोप बहुधा सावरते. या दोहोंतला फरक न कळल्याने चांगली रोपे उपटली जातात आणि रोगट तशीच राहतात.

लावणी अशी करा. भेंडीच्या बियाचे टरफल कठीण असते. ते रात्रभर पाण्यात भिजवा. ओळीत वीतभर अंतरावर दोन-दोन बिया टोकून एक जोमदार रोप ठेवा. उन्हाळी भेंडी पावसाळ्यातल्यापेक्षा दाट लावलेली बरी. तिची सावली तिच्याच मुळांवर पडते. दीड महिन्यात फुले येतात, आणि फूल उमलल्यावर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला होते. मग एक दिवसाआड सकाळी तोडा, घरी लागो न लागो. चार भेंड्या झाडावर निबर होऊ दिल्या की झाडाला वाटते आपले काम झाले, आणि ते फुलायचे थांबते.

वेलांकडे वळण्यापूर्वी त्यांच्या पाण्याची एक जुनी युक्ती सांगतो. जमिनीत मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरायचा, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवायचे आणि भोवती बी लावायचे. मडक्याच्या छिद्रांतून पाणी झिरपते, जमीन जितकी कोरडी तितके जास्त. चीनमधल्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. लोक सांगतात, घरातला जुना माठ वापरा. तो वापरायचाच, तर आधी तपासा. पाणी गार करीनासा झालेला माठ म्हणजे छिद्रे बुजलेला माठ. आपल्या जड पाण्यातले क्षार त्यात बसलेले असतात. तो झिरपणार कसा? भरून ठेवा, बाहेरून ओल आली तरच पुरा. त्यापेक्षा सोपे म्हणजे संक्रांतीची सुगडे. वाण देऊन-घेऊन झाल्यावर ती कोनाड्यात पडून असतात. रंग न दिलेली सुगडे घ्या आणि एकेका आळ्यात एकेक पुरा. पेलाभर पाणी मावते, पण बाळरोपाला तेवढे पुष्कळ. वेल मांडवावर चढला की त्याच्या जागी मोठे मडके बसवा.

दोडका, दुधी, कारली, काकडी यांचे बी थंड मातीत रुसते. म्हणून करवंटीत किंवा दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती भरून, चुलीच्या उबेजवळ ठेवून रोपे काढा आणि तीन-चार पानांची झाली की मुळे न दुखवता आळ्यात बसवा. मांडवाला तुराट्या वापरा. पूर्वी पऱ्हाट्याही सर्रास वापरत, पण आता नको. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच परसातून शेतात जाते.

वेलांची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे ‘फुलं लई, फळ एक नाही.’ पहिली येतात ती बहुतेक नर फुले, ती गळायचीच. मादी फुलाच्या मागे बोटाएवढे फळ आधीपासून दिसते. तेही पिवळे होऊन गळत असेल तर त्याला पराग मिळालेला नाही असे समजा. मधमाश्या कमी झाल्या आहेत, तेव्हा हे काम आपणच करावे. येथे एक गंमत आहे. कारली आणि काकडीची फुले सकाळी उमलतात; दोडका आणि दुधी संध्याकाळी. सकाळी उठून दोडक्याचे फूल हाताळणाऱ्याला कोमेजलेले फूल मिळते. दिवेलागणीला जा, टवटवीत नर फूल खुडा, त्याच्या पाकळ्या मागे दुमडा आणि मधला भाग मादी फुलात हळूच फिरवा. घरातली पोरे हे काम हौसेने करतात. एकदा दाखवले की दुसऱ्या दिवशी आठवण करावी लागत नाही.

पालेभाज्यांत मेथी, पालक आणि शेपू यांचा हंगाम माघाबरोबर सरत येतो. होळीपर्यंत एखादा तोडा मिळेल, पुढे त्यांना तुरे येतात. त्यांच्या जागी तांदुळजा टाका. ऊन लागले की जी भाजी जास्त जोम धरते अशी तीच. चुका आणि अंबाडीही तग धरतात, आणि उन्हाळ्यात डाळीत घालायला आंबट काही हवेच असते. टोमॅटो मात्र आता लावू नका. रात्री उकडू लागल्या की त्याची फुले गळतात आणि पाणी फुकट जाते.

कोथिंबिरीसाठी धणे सबंध पेरू नका. चपलेखाली हलके रगडून त्यांच्या दोन डाळ्या करा. उगवायला आठवडा-दीड आठवडा लागतो, तेवढा धीर धरा. शिमग्यानंतर पेरायची तर पूर्वेच्या उन्हाची जागा घ्या, म्हणजे दुपारी तिच्यावर भिंतीची सावली येईल. पुदिन्याला बी लागत नाही. बाजारातल्या जुडीतली जाड काडी पाने खुडून ओल्या सावलीत खोचली की झाले. तो पुढे इतका पसरतो की त्याला आवरावे लागते. गवती चहा, ओव्याच्या पानाचे झाड आणि कढीपत्ता एकदा लावले की वर्षानुवर्षे राहतात. चहात घालायला, पोराचे पोट दुखले तर पान चावायला द्यायला परसात एवढे असावे.

मार्चच्या मध्यापासून खरा सामना उन्हाशी. वाफ्याच्या पश्चिमेला मका किंवा एरंड वसंत पंचमीलाच टोकून ठेवलेला असेल, तर आता तो कमरेइतका उंच होऊन तिसऱ्या प्रहरचे ऊन अडवतो. तो नसेल तर जुने पांढरे धोतर किंवा विरलेले लुगडे चार काठ्यांवर ताणा. अकरा ते चार एवढाच वेळ. रोपांच्या मुळाशी गव्हाचे काड, उसाचे पाचट, वाळला पाला, जे असेल ते चार बोटे जाड पसरा. त्याने माती भेगाळत नाही, आणि आपल्या जमिनीत पुष्कळ पाणी भेगांतून उडून जाते. पाणी सूर्य मावळल्यावर घाला. आच्छादन आणि सावली दोन्ही असली की मघाशी सांगितलेले नव्वद लिटर पन्नास-साठांवर येतात. उरलेले कढीपत्त्याला जाईल.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात भेंडीची दोन झाडे निवडा. ज्यांवर एकदाही पिवळेपणा आला नाही आणि ज्यांची फळे सरळ, सडपातळ आहेत अशी. त्यांना लाल दोरा बांधा आणि घरात बजावून ठेवा की या झाडांची भेंडी कोणी तोडायची नाही. परभणी क्रांती सरळ वाण आहे, तिचे बी पुन्हा लावता येते. दुकानातल्या संकरित बियाण्याचे तसे नाही, त्याच्या पुढच्या पिढीत एका झाडासारखे दुसरे निघत नाही. फळे झाडावरच वाळू द्या. शिरांवर तडकू लागली की खुडून सावलीत सुकवा, बी काढा, कोरड्या राखेत घोळून काचेच्या बाटलीत भरा आणि बाटलीवर जात व महिना लिहून चिकटवा. बाकीची भेंडी मृगाचा पाऊस पडला की उपटून काढा. ती जागा गवारीला द्या.